जीपच्या दारावरचा सहा

माणसं मोजणं हे आमच्या खात्याचं काम नाही. आम्ही झाडं मोजतो, तोडलेल्या झाडांचे बुंधे मोजतो, बिबट्याच्या पावलांचे ठसे मोजतो. पावसाळ्यात लावलेली रोपं तर इतक्या आपुलकीने मोजतो की मेलेलीसुद्धा कागदावर पालवतात. पण रात्री जंगलात किती माणसं गेली आणि त्यातली किती परत आली, हे मोजणारा एकच माणूस मी या नोकरीत पाहिला. ते आमचे डिप्टी.

डिप्टी म्हणजे डिप्टी रेंजर. साहेबांच्या खाली आणि आम्हा नाकेदारांच्या वर, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायला सोयीची जागा. नाकेदार म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा राखणदार. मी इंदूरच्या अन्नपूर्णा भागातला, बी. कॉम. झालेला, परीक्षा दिली म्हणून नाकेदार झालेला. त्याआधी रात्रीचा अंधार मी फक्त वीज गेल्यावर पाहिला होता. आमची रेंज, म्हणजे आमच्या ताब्यातलं जंगल, शहरापासून तासाभरावर, घाटाच्या अलीकडे. डिप्टी इंदूरच्याच छत्रीबागेतले. दोघंही मराठी, म्हणून वर्दीत मी त्यांना साहेब म्हणायचो आणि वर्दी उतरली की काका. ते मला दोन्ही वेळा भियाच म्हणत, म्हणजे इंदुरी भैया.

त्यांच्या शर्टाच्या एका खिशात खडू असे, दुसऱ्यात शिट्टी, आणि खांद्यावरच्या पिशवीत शेवेचा डबा. रात्रीच्या गस्तीला निघण्याआधी ते जीपच्या दारावर खडूने आकडा लिहीत. पाच जण जाणार असतील तर पाच. ड्रायव्हर त्यात धरलेला नसे, कारण तो जीप सोडून उतरत नसे, आणि डिप्टींच्या मते जो उतरत नाही तो हरवत नाही. आत शिरल्यावर प्रत्येक थांब्यावर ते अंधारात "हं" म्हणत आणि आम्ही आपापला नंबर बोलायचा. शेवटचा नंबर त्यांचा. परत जीपपाशी आलो की पुन्हा नंबर, आणि मग ते खिशातला रुमाल काढून दारावरचा आकडा पुसत. आकडा पुसल्याशिवाय जीप हलायची नाही, आणि पुसायचा हक्क त्यांच्याशिवाय कुणाला नाही. ड्रायव्हरला आम्ही उस्ताद म्हणायचो. त्याने एकदा गाडी धुताना तो आकडा धुतला, तर डिप्टींनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

नावं का नाही, नंबर का, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. ते म्हणाले, नाव घेतलं की माणूस "काय" म्हणतो, मग दुसरा त्याला काहीतरी विचारतो, मग गप्पा होतात. नंबर घेतला की नंबरच येतो.

ही सवय त्यांना कुठून लागली, याबद्दल ऑफिसात दोन मतं होती. बाबू लोकांचं म्हणणं, लहानपणी शाळेच्या सहलीत यांचा भाऊ हरवला होता. उस्तादचं म्हणणं, यांना भाऊच नाही. खरं काय ते विचारायची हिंमत कुणी केली नाही आणि चहाच्या वेळी दोन्ही मतं आलटून पालटून कामाला येत.

घरीही हेच. सराफ्यात, जिथं रात्री सोन्याची दुकानं मिटून खाण्याची लागतात, कुटुंबासह गेले की एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत जाताना तीनदा मोजणी होई. काकू सांगत, की लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांनी मागे वळून पाहुणे मोजले होते, आणि फोटोत नवरदेवाची फक्त पाठ आली आहे.

त्यांचे पूर्वज म्हणे संस्थानच्या फौजेत होते. घरात भिंतीवर एक गंजकी तलवार होती आणि तिच्या शेजारी तीन फ्रेमा. पणजोबा, आजोबा, वडील, तिघांनाही निवृत्त होताना मिळालेली कागदं, की यांच्या सेवेवर एकही डाग नाही. चौथा खिळा डिप्टींनी स्वतः ठोकून ठेवला होता. निवृत्तीला दोन वर्षं असताना ठोकलेला. आयुष्यात त्यांना दुसरं काही हवं होतं असं मला कधी दिसलं नाही. पणजोबांच्या शौर्याबद्दल मी एकदा आदराने विचारलं, तर म्हणाले, "शौर्य-बिर्य काही नाही रे भिया. ते प्रत्येक लढाईतून घरी परत आले. जे शूर होते ना, त्यांच्या घराण्यात आज चहा पाजायला पण कोणी नाही."

या तत्त्वावर त्यांची सगळी गस्त चाले. रिकाम्या पोटी कुणी आत जायचं नाही, कारण भुकेला माणूस घाई करतो. म्हणून आधी शेव. पँटचे पाय मोज्यात खोचायचे. बॅटरीचा उजेड पायाशी टाकायचा, समोरच्याच्या तोंडावर नाही, नाहीतर तो पुढची पाच मिनिटं आंधळा. नव्या माणसाला बिबट्याची भीती असते. मलाही होती. त्यावर ते म्हणाले, "बिबट्याला आपल्यासाठी टाइम नसतो. खड्ड्याला असतो. तो तिथंच बसून राह्यला आहे, तुझी वाट पाहत." मी पहिल्याच महिन्यात एका खड्ड्याला भेटून आलो.

आणि ती शिट्टी. लाकूडचोर आत असल्याची खबर आली की डिप्टी जंगलाच्या तोंडाशी उभे राहून तीनदा खणखणीत शिट्टी वाजवीत, मग दहा मिनिटं शेव खात, आणि मग आम्हाला आत नेत. आत आम्हाला ताजा बुंधा, अर्धवट कापलेला ओंडका आणि कधीमधी गडबडीत राहिलेली चप्पल सापडे. चोर कधीच नाही. मोठ्या साहेबांनी यावर त्यांना झापलं. डिप्टी शांतपणे म्हणाले, की चोराच्या हातात कुऱ्हाड असते, आपल्या हातात डंडा, आणि त्याला पण घरी जायचं असतं. अंधारात अचानक समोरासमोर आलो तर दोघांतल्या एकाचं कल्याण होऊन जाईल. साहेबांनी याला कामचुकारपणा म्हटलं. मलाही तेव्हा तेच वाटलं होतं, हे कबूल करतो. पण त्यांच्या काळात आमच्या रेंजमध्ये एकही चोर पकडला गेला नाही आणि एकाही माणसाला टाका पडला नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यातली पहिलीच अहवालात जायची.

मग वरून सुरक्षा आली. म्हणजे खात्याच्या असं लक्षात आलं की रात्रीचं काम धोक्याचं असतं. त्यासाठी इंदुरात विजय नगरच्या एका हॉटेलात भर दुपारी ट्रेनिंग ठेवलं. एसी हॉल, पाण्याच्या छोट्या बाटल्या, आणि रात्रीचं वातावरण यावं म्हणून पडदे ओढून दिवे घालवलेले. एक तरुण गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत आम्हाला अंधार म्हणजे काय ते समजावत होते. तासाभराने दिवे लागले, तेव्हा डिप्टी मागच्या रांगेतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, दिवे घालवले तेव्हा आम्ही बेचाळीस होतो. आता सदतीस आहोत. पाच माणसं अंधारात गेली आणि ट्रेनिंग चालूच राह्यलं."

हॉल हसला. पाच जण शेजारच्या खोलीत जेवणाच्या टेबलापाशी सापडले. सर्टिफिकेट मात्र बेचाळीसही जणांना मिळालं.

ट्रेनिंगनंतर चमकणारी जाकिटं आली, सगळी एकाच मापाची. मला ते गुडघ्यापर्यंत येई. आणि मोबाइलवर ग्रुप आला. नियम असा, की रात्री काम करताना प्रत्येक पथकातल्या एकाने फोटो टाकायचा. फोटोत स्वतःचा चेहरा, अंगात जाकीट, मागे चालू असलेलं काम, आणि कोपऱ्यात ठिकाण आणि वेळ. फोटो नाही तर सुरक्षा पाळली नाही. डिप्टींचा फोन बटणांचा होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मला ते मनापासून आवडलं. बुंधे मोजण्यापेक्षा बरं काम होतं. मोठे साहेब स्वतः फोटोला शाबासकीचा अंगठा टाकायचे.

त्या रात्रीची गोष्ट चैत्रातली. मोहाची फुलं गळायला लागली की गावातली माणसं झाडाखालचा पाला पेटवतात, म्हणजे फुलं वेचायला जमीन मोकळी होते. पाला जळतो, फुलं मिळतात, आणि एखादी ठिणगी आमच्याकडे निघून येते. संध्याकाळी आगीचा मेसेज आला. डिप्टींनी दारावर सहा लिहिला. एक नंबर वॉचरबाबा, म्हणजे खालच्या गावातला म्हातारा, ज्याला त्या डोंगरातला दगड न् दगड माहीत. दोन, तीन आणि पाच त्याच गावातले मजूर. चार मी. सहा डिप्टी. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने उरले होते.

आगीजवळ पोचल्यावर त्यांनी नेहमीची तीन वाक्यं सांगितली. आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, ती चढ धावत चढते. तिच्याकडे पाठ करायची नाही. आणि घाबरलात तर पळू नका, जळालेल्यात या, जळालेलं पुन्हा जळत नाही. मग आम्ही पाला झाडून पट्टा काढायला लागलो, म्हणजे आग तिथं येऊन उपाशी मरते. पट्ट्याच्या पलीकडे मोठ्या साहेबांचं प्लांटेशन होतं. त्यात रोपं विरळ होती, पण साहेबांच्या फोटोचा बोर्ड दणकट होता. पट्टा निम्म्याहून जास्त झाला होता. अजून अर्धा तास मिळता, तर प्लांटेशन वाचलं असतं.

माझा फोटो राहिला होता. खाली नेटवर्क नव्हतं. नेटवर्क फक्त टेकाडावर, आगीच्या वरच्या बाजूला. मी कुणाला न सांगता वर चढलो, जाकीट नीट केलं, मागे आग येईल असा उभा राहिलो, आणि आगीकडे पाठ करून फोटो काढला. तीनपैकी दोन वाक्यं मी एकाच फोटोत मोडली होती. फोटो जात नव्हता. पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

खालून "हं" ऐकू आलं. एक, दोन, तीन. मग माझी जागा रिकामी गेली. मला वाटलं, फोटो गेला की ओरडू. पुन्हा खालून आवाज आला, या वेळी डिप्टींचाच. "चार." थोडं थांबून पुन्हा "चार." आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं. जंगलात, रात्री, त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा माझं नाव ऐकलं.

मी वळलो तर आग टेकाडाच्या अर्ध्यावर आली होती. मी पळालो, अर्थात चढाकडे, आणि दहा पावलांत पाय मुरगळून पडलो. धुराने डोळे उघडत नव्हते. मला ओरडताही आलं नाही, नुसता खोकला येत होता. त्या खोकल्याच्या दिशेने ते आले. खाली त्यांनी सगळ्यांना काम टाकून मला शोधायला लावलं होतं. त्यांनी मागूनच माझी कॉलर धरली, आगीची जी पट्टी बुटकी होती तिच्यावरून मला फरपटत काळ्या, जळालेल्या जमिनीवर आणलं आणि खाली बसवलं. जमीन गरम होती, पण तिथं आग नव्हती. फोन माझ्या हातातच होता. ते धापा टाकत म्हणाले, "चार तू आहेस, भिया. फोटो नाही."

तेवढ्यात पट्ट्याच्या अर्धवट बाजूने आग प्लांटेशनमध्ये शिरली. बोर्ड पेटलेला आम्ही तिथूनच पाहिला. माझा फोटोही त्याच सुमाराला गेला.

पहाटेकडे आग उतरली आणि आम्ही परत निघालो. डिप्टींची पद्धत होती, जाताना पुढे आणि येताना सर्वांत मागे. मला चालता येत नव्हतं, दोघांनी उचललेलं. जीपपाशी मला पुढच्या सीटवर, म्हणजे डिप्टींच्या जागेवर आडवं टाकलं. उस्तादला वाटलं साहेब मागे मजुरांबरोबर बसले. मागच्यांना वाटलं साहेब पुढे. कुणी "हं" म्हटलं नाही, कारण हं म्हणणारा माणूस कोण ते ठरलेलं होतं. जीप निघाली.

पाच किलोमीटर खाली नाका लागतो. नाक्यावरच्या माणसाने बॅटरी आमच्या दारावर मारली आणि उस्तादला म्हणाला, "साब का छे का आँकड़ा तो वैसा का वैसा है. मिटाया नहीं आज?"

मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत. त्या वाक्याइतकं मला काही लागलेलं नाही. उस्तादने गाडी वळवली आणि वॉचरबाबा सगळा रस्ता स्वतःशीच एक ते सहा मोजत राहिला, जणू अजूनही आकडा बरोबर येईल.

डिप्टी जळालेल्या जमिनीवर एका दगडावर बसले होते. धूर छातीत गेल्यामुळे वाटेत त्यांना बसावं लागलं होतं, आणि हाक मारायला आवाज उरला नव्हता. शिट्टी हातात होती, पण फुंकायला दम पुरला नव्हता. मांडीवर शेवेचा डबा उघडा होता आणि त्यातली शेव तशीच होती. वॉचरबाबाने त्यांना धरून आणलं. मी सीटवरून उठायला गेलो तर त्यांनी हातानेच बस म्हटलं. मग घोगऱ्या आवाजात फक्त एवढं विचारलं, "कोणी पुसलं तर नाही ना?"

नाही म्हटल्यावर त्यांनी रुमाल काढला. पण सहाचा नुसता पांढरा फराटा झाला, पुसलं काही गेलं नाही. शेवटी बाबाने त्यांच्या हातावर हात ठेवून ते पुसलं.

सकाळी ग्रुपवर माझ्या फोटोला सत्तावीस अंगठे आले होते. मागे टेकाड पेटलेलं, पुढे मी हसतमुख, जाकीट चमकतंय. आदर्श सुरक्षा पालन म्हणून मला पुढे सर्टिफिकेटही मिळालं. डिप्टींना कारणे दाखवा नोटीस मिळाली, की काम अर्ध्यावर थांबवून प्लांटेशन का जळू दिलं.

चौकशीला एक साहेब आले. छापील फॉर्म होता. किती क्षेत्र जळालं, किती रोपं गेली, किती वेळ काम बंद होतं, बोर्डाचं काय झालं. मला विचारलं, काम का थांबलं. डिप्टी शेजारीच बसले होते. माझी नोकरी नवी, सर्टिफिकेट ताजं. मी म्हणालो, "धूर फार होता सर, मला नीट दिसलं नाही." मी असं बोललो, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

डिप्टींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी फॉर्म ओढून घेतला, खिशातून पेन काढलं, पट्टीशिवायच खाली एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, माणसं. साहेब म्हणाले, असा कॉलम नाही. डिप्टी म्हणाले, "आता आहे सर. लिहा. गेले सहा, आले सहा."

"सगळे सोबत परत आलात?" साहेबांनी विचारलं.

"सोबतच," डिप्टी म्हणाले.

आम्ही त्यांना विसरून आलो होतो, हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं. साहेबांनी तो रकाना लाल पेनाने खोडला. फॉर्म मंजूर झाला. आगीनंतर तीन महिन्यांनी डिप्टी निवृत्त झाले. त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं मिळाली. डाग नसल्याचा कागद मिळाला नाही.

परवा मला डिप्टीचा चार्ज मिळाला. पेढे घेऊन छत्रीबागेत गेलो. काकांचं वजन उतरलं आहे, पण मी आत आल्याआल्या त्यांनी दाराकडे मान वळवून पाहिलं, माझ्यामागे अजून कुणी आहे का ते. भिंतीवर तलवार, तीन फ्रेमा, आणि चौथ्या खिळ्याला शिट्टी लटकवलेली. मी तिच्याकडे बघत राहिलो, तेव्हा काकू चहा ठेवत म्हणाल्या, "याआधी पण एकदा यांना जंगलात सोडून आले होते ना, नोकरीच्या पहिल्या वर्षी. कोरड्या विहिरीत पडले होते. वरून जीप गेल्याचा आवाज ऐकला त्यांनी. दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. कोणी मोजलंच नव्हतं." काका म्हणाले, जाऊ दे, पेढा दे.

म्हणजे त्या पहाटे आमच्या जीपचा आवाज त्यांनी दुसऱ्यांदा ऐकला होता. मी म्हणालो, काका, चौकशीत मी बोलायला हवं होतं, चुकलो. त्यांनी पेढ्याच्या कागदाची घडी केली. मग म्हणाले, "जळालेलं पुन्हा जळत नाही. आता मोजतं कोण?"

मला बरं वाटलं. मी अभिमानाने सांगितलं, की तुम्ही निवृत्त झाल्यापासून मी मोजतो. तोच खडू, तेच दार, तेच नंबर. एकही रात्र सोडलेली नाही. सगळ्यात शेवटी माझा नंबर, तुमच्यासारखाच.

ते ऐकत होते. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "आणि तुला कोण मोजतं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दारावर पाच लिहिला आणि खडू उस्तादच्या हातात दिला. तो म्हणाला, मैं क्या करूँ इसका. मी त्याला म्हणालो, परत आल्यावर मोजायचं तू, आणि सुरुवात माझ्यापासून करायची.